नॉन-स्मोकिंग खोलीतला शिळा धूर

खिडकीतली

गेल्या महिन्यात आईला घेऊन प्रवासाला गेले होते. आईला दमा आहे, म्हणून बुकिंग करतानाच 'नॉन-स्मोकिंग'वर खूण केली आणि वर फोन करूनही बजावलं. पोचायला रात्रीचे अकरा वाजले. दारावर काट मारलेल्या सिगारेटचं लाल चिन्ह, टेबलावरही तसलीच पाटी. आत पाऊल टाकलं तर रूम फ्रेशनरचा भपकारा. म्हटलं, नुकतीच साफ केलेली दिसतेय.

एसी लावला आणि दहा मिनिटांत त्या फ्रेशनरच्या खालून दुसराच वास वर आला. ताजा धूर नव्हे, शिळा. पावसाळ्यात बंद राहिलेल्या कपाटात कोणी सिगारेटी ठेवल्यासारखा. आई उठून बसली, पंप घेतला. मी बाथरूममध्ये जाऊन ओल्या टिश्यूने आरसा पुसला, तर टिश्यू फिकट तपकिरी झाला. तो टिश्यू घेऊन खाली रिसेप्शनवर गेले. तिथला मुलगा अगदी नम्रपणे म्हणाला, "मॅडम, तुमचा मजला नॉन-स्मोकिंगच आहे." मजल्याबद्दल माझी तक्रार नव्हतीच हो!

खोली बदलून मिळाली. ती समोरच्याच बाजूला, आणि तिच्या शेजारची खोली 'स्मोकिंग'. रात्री दोनला दाराखालच्या फटीतून ताजा माल येऊ लागला.

आजवर माझं मत असं होतं की ओढणाऱ्यांना वेगळ्या खोल्या द्या, आपण वेगळ्या घ्या, भांडण मिटलं. आता वाटतं, भिंत घातली म्हणजे धूर वेगळा होतो हे आपणच मनाशी धरून बसलोय. तुमचं काय मत? हॉटेलच्या खोल्यांत सरसकट बंदी असावी का?

धूरकरी

बावीस वर्षं ओढतोय, त्यामुळे शिव्या खायची सवय आहे. तरी लिहितो.

तुमच्या आईला त्रास झाला ते वाईटच, आणि चूक हॉटेलची आहे. पण त्यावरचा उपाय म्हणून मला हाकलायचं हे काही पटलं नाही. लॉबीत मी ओढत नाही, लिफ्टमध्ये ओढत नाही, जेवायच्या जागी तर प्रश्नच नाही. उरली ती खोली. भाडं भरल्यावर एका रात्रीपुरतं ते माझं घर. तिथे दार लावून मी काय करतो हे हॉटेलने का बघावं? जपानमध्ये १ एप्रिल २०२० पासून कडक कायदा आला, पण पाहुण्यांची खोली त्यांनीही राहत्या घरासारखी धरून वगळली. म्हणजे हे माझ्या एकट्याचं डोकं नाही.

स्मोकिंग रूम ठेवा, दारावर ठळक लिहा, आणि ज्याला नको त्याला तिथे पाठवू नका. मामला खतम.

फक्त_वाचक

जागा धरून बसलोय. येऊ द्या.

रात्रपाळी

मी हॉटेलच्या हाउसकीपिंगमध्ये नऊ वर्षं काढली, त्यातली शेवटची चार सुपरवायझर म्हणून. धूरकरी, "एका रात्रीपुरतं माझं घर" हे वाक्य मी फार वेळा ऐकलंय, म्हणून जरा सविस्तर सांगते.

तुम्ही सकाळी अकराला चेकआउट करता. दोनला पुढचा पाहुणा येणार. मधल्या तीन तासांत माझ्या हाताखालच्या मुलीला ती खोली आणि तिच्यासारख्या आणखी डझनभर खोल्या करायच्या असतात. चादरी आणि टॉवेल बदलले जातात, ते रोजचंच आहे. धूर मात्र चादरीवर थांबत नाही. तो जाड पडद्यात शिरतो, त्याच्या मागच्या पातळ पडद्यात शिरतो, पलंगाच्या डोक्याकडच्या कापडी पाठीत, गालिच्यात, गादीत. आणि सगळ्यात वाईट म्हणजे एसीत. फिल्टर धुऊन होतो, पण आतल्या कॉइलवर चिकट थर बसतो. धागाकर्तीला एसी लावल्यावर वास आला तो तिथूनच. एसी बंद असताना खोली दाखवली तर कुणालाही कळत नाही.

नीट करायचं तर पडदे उतरवून धुवायला, गालिचा शॅम्पू, भिंती पुसून काढायच्या, दिव्यांच्या शेड, फोनचा रिसीव्हर, आरसा, टीव्हीची मागची बाजू. मग ओझोनचं मशीन लावून खोली बंद करायची. ते चालू असताना आत कुणी थांबायचं नाही, फुप्फुसांना घातक असतं, आणि नंतर खिडक्या उघडून पुन्हा हवा खेळवायची. म्हणजे खोली 'आउट ऑफ ऑर्डर' टाकायला हवी, निदान एक दिवस. हंगामात कुठला मॅनेजर टाकतो? मग हातात फ्रेशनरचा डबा दिला जातो.

राहिली ती मुलगी. पाहुणा एक रात्र राहतो. ती मुलगी त्याच मजल्यावर आठवड्याचे सहा दिवस असते, दार उघडल्यावर पहिला भपकारा तिच्या नाकात. गरोदर असली तरी ड्यूटी मजल्याप्रमाणेच लागते. आमच्याकडे एकीने स्मोकिंग मजला बदलून मागितला होता, तर तिला सांगितलं, "मग त्या मजल्यावर कुणाला पाठवू?" उत्तर माझ्याकडेही नव्हतं, कारण तो प्रश्न विचारणारी मीच होते.

उंबरठा

रात्रपाळी, शेवटची ओळ वाचून थांबले. +१ वगैरे लिहायचं नाहीये.

आकडेमोड

धागाकर्तीला जे नाकाने कळलं ते मोजलंही गेलंय. कॅलिफोर्नियात सॅन दिएगो स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांनी ४० हॉटेलं तपासली. १० पूर्ण बंदी असलेली, ३० मध्ये काही खोल्यांत परवानगी. परवानगीवाल्या हॉटेलांतल्या 'नॉन-स्मोकिंग' खोल्यांच्या पृष्ठभागांवरसुद्धा पूर्ण बंदीवाल्या हॉटेलांपेक्षा जास्त निकोटिन सापडलं. स्मोकिंग खोल्यांबाहेरच्या कॉरिडॉरच्या भिंतींवरही. आणि ज्या न ओढणाऱ्या स्वयंसेवकांना तिथे एक रात्र झोपवलं, त्यांच्या बोटांवर निकोटिन आणि लघवीत त्याचा अंश, कोटिनिन, वाढलेला निघाला.

धूर बसला की तो गप्प पडून राहतो असंही नाही. बर्कलीच्या प्रयोगशाळेने २०१० मध्ये दाखवलं की पृष्ठभागावरचं निकोटिन घरातल्या हवेतल्या नायट्रस आम्लाशी क्रिया करून नायट्रोसामाइन बनवतं. ही कर्करोगकारक द्रव्यं. म्हणजे ओढणारा गेल्यावरही भिंतीवर स्वयंपाक चालूच.

"चांगली हवा खेळती ठेवा" हे उत्तर तर इंजिनियरांनीच निकालात काढलंय. वातानुकूलनाची मानकं ठरवणाऱ्या अमेरिकेतल्या 'अ‍ॅश्रे' संस्थेची २००५ सालची भूमिका अशी की इमारतीतल्या धुराचा आरोग्याला असलेला धोका प्रभावीपणे संपवायचा एकच मार्ग, आत ओढू न देणं. यंत्रं विकण्याशी जवळचा संबंध असलेली मंडळी असं म्हणतात तेव्हा मी ऐकतो.

शिवाय इमारत श्वास घेते. बाहेर थंडी असेल तर गरम हवा लिफ्टच्या आणि पाइपांच्या शाफ्टमधून वर चढते. बाथरूमचे एक्झॉस्ट एकाच शाफ्टला जोडलेले असले आणि वरचा पंखा बंद पडलेला असला, की तिसऱ्या मजल्यावरचा झुरका पाचव्यावर पोचलाच म्हणून समजा.

धूरकरी

रात्रपाळीताई, तुमच्याशी वाद घालणार नाही. कामगारांचा मुद्दा मी खरंच धरला नव्हता.

पण आकडेमोड, निकोटिन 'सापडलं' आणि 'त्याने माणूस आजारी पडला' यात अंतर आहे की नाही? आजची यंत्रं काय वाटेल ते शोधून काढतात. मग उग्र अत्तरवाल्यांनाही बाहेर काढा. फ्रेशनरनेही लोकांना दमा उसळतो.

आकडेमोड

अंतर आहे, मान्य. बसलेल्या थराने एका रात्रीत नेमकं किती नुकसान होतं, हे छातीठोकपणे मी सांगणार नाही. पण दाराखालून येणारा ताजा धूर हा वेगळा विषय, तिथे शंका उरलेली नाही. २००६ च्या अमेरिकी सर्जन जनरलच्या, म्हणजे तिथल्या सरकारच्या मुख्य आरोग्य अधिकाऱ्याच्या, अहवालात साफ लिहिलंय की दुसऱ्याच्या धुराची कुठलीही पातळी निर्धोक नाही. फ्रेशनरबद्दल मात्र तुमच्याशी सहमत. त्यावर वेगळा धागा काढा, पहिला प्रतिसाद माझा.

कलमबहाद्दर

कायद्याचं थोडं. आपल्याकडे २००३ चा तंबाखू नियंत्रण कायदा आणि २ ऑक्टोबर २००८ पासूनचे नियम. ३० किंवा अधिक खोल्या असलेल्या हॉटेलला स्मोकिंग खोल्या ठेवता येतात, पण कशाही नाही. त्या सगळ्या एका मजल्यावर किंवा एका विंगेत सलग हव्यात, इंग्रजी आणि एका भारतीय भाषेत पाटी हवी, आणि धूर थेट इमारतीबाहेर गेला पाहिजे, लॉबीत वा कॉरिडॉरमध्ये नाही. म्हणजे धागाकर्तीच्या हॉटेलात नॉन-स्मोकिंग मजल्यावरच एक स्मोकिंग खोली होती हेच मुळात नियमाबाहेर.

इंग्लंडमध्ये १ जुलै २००७ पासून बंदी, पण हॉटेलवाल्याने लेखी नेमून दिलेल्या खोल्यांना सूट. अट अशी की दार आपोआप बंद व्हायला हवं आणि तिथली हवा इमारतीच्या इतर भागात जाता कामा नये. स्पेनने २०११ मध्ये कायदा कडक केला तेव्हा जास्तीत जास्त ३० टक्के खोल्या ठेवायची मुभा दिली. धूरकरींनी जपान सांगितलंच.

गंमत बघा, हे सगळे देश जागतिक आरोग्य संघटनेच्या आंतरराष्ट्रीय तंबाखू नियंत्रण कराराचे सदस्य, आणि त्याच कराराच्या २००७ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात की वेगळ्या खोल्या आणि हवा खेळवणं हा उपाय नव्हे. सही केली, पण खोलीच्या दारापाशी पाय अडखळला.

गप्पिष्ट

अवांतर: हॉटेलच्या खिडक्या चार बोटंच उघडतात ते कशासाठी? ओढणाऱ्यांसाठी की पडणाऱ्यांसाठी?

रात्रपाळी

@गप्पिष्ट पडणाऱ्यांसाठी. पण त्या चार बोटांतून हात बाहेर काढून ओढणारे मी पाहिलेत. हात बाहेर, धूर आत. राख खिडकीच्या सरकत्या रुळात. थोटकं तर एसीच्या बाहेरच्या युनिटवर.

बारा_खोल्या

माझं छोटं हॉटेल आहे, खोल्या नावातच. विंग वगैरे शब्द ऐकून हसू आलं. तीसच्या आतले असल्यामुळे आमच्याकडे स्मोकिंग खोलीचा प्रश्नच नाही, बंदी आहेच. पण पाळून कशी घ्यायची ते कुणी सांगेल का?

पाटी लावली, रजिस्टरवर सही घेतली, दंडाची रक्कम लिहून ठेवली. सकाळी खोलीत धुराचा वास. पाहुणा म्हणतो, "आम्ही आलो तेव्हाच होता." आता सिद्ध करा! शॉवर कॅप स्मोक डिटेक्टरला चढवलेली सापडली तर फोटो काढतो, नाहीतर गप्प बसतो. दंड मागितला की ऑनलाइन एक तारा देऊन जातात, वर "स्टाफ उद्धट". तो तारा वर्षभर डोक्यावर लोंबकळत राहतो. मागे एकाने दंड भरला आणि दुसऱ्या रात्री पुन्हा ओढली. म्हणे, पैसे दिलेत ना!

म्हणून मला वाटतं दंड हा भाव होऊन बसतो. लोक तो परवडतो का एवढंच बघतात.

आकडेमोड

@बारा_खोल्या मोठ्या साखळ्यांनाही धंदा बसेल ही भीती होतीच. २००६ मध्ये अमेरिकेत आधी वेस्टिनने आणि त्याच वर्षी मॅरियटने सगळ्या खोल्या धूरमुक्त केल्या. मॅरियटची तेव्हा अमेरिका आणि कॅनडात मिळून २,३०० वर हॉटेलं होती. त्यांनी निर्णय फिरवला नाही.

बारा_खोल्या

त्यांची २,३०० आणि माझी १२. त्यांचा एक पाहुणा रुसला तर पत्ता लागत नाही, माझा रुसला तर त्या दिवशीचा आठ टक्के धंदा गेला. असो.

जिन्याखाली

आगीचं कुणीच बोललं नाही, म्हणून लिहितो. ८ फेब्रुवारी १९८२, टोकियो, हॉटेल न्यू जपान. नवव्या मजल्यावर एका पाहुण्याने पलंगावर सिगारेट ओढली, गादी पेटली. स्प्रिंकलर जवळजवळ नव्हतेच. ३३ माणसं गेली. "दार लावून मी काय करतो" याचं उत्तर कधीकधी वरच्या मजल्यावरच्या लोकांना द्यावं लागतं.

पण म्हणून नुसती बंदी घालून मोकळं व्हायचं हेही मला धोक्याचं वाटतं. विमानात सिगारेटला बंदी येऊन किती वर्षं झाली, तरी शौचालयाच्या दाराशी ॲशट्रे असते. विसरून राहिलेली नाही, नियमाने ठेवावीच लागते, विमान कालच कारखान्यातून आलेलं असलं तरी. कारण कुणीतरी लपून ओढणारच, आणि त्याने थोटूक कागदी टॉवेलच्या डब्यात टाकण्यापेक्षा ॲशट्रेत विझवलेलं बरं. ११ जुलै १९७३ ला ब्राझीलच्या व्हॅरिग कंपनीचं विमान पॅरिसजवळ असंच गेलं. आग मागच्या शौचालयात लागली, कचऱ्यात टाकलेलं जळतं थोटूक असावं असा तर्क आहे. १२३ मेले.

हॉटेलवाले उलटं करतात. बंदी जाहीर झाली की पहिलं काम म्हणजे सगळ्या ॲशट्रे गोळा करून माळ्यावर.

रात्रपाळी

जिन्याखाली, अगदी हेच! आमच्याकडे पूर्ण बंदी झाली त्या आठवड्यात ॲशट्रे काढल्या. पुढचे दोन महिने थोटकं कुठे कुठे सापडली सांगू? पाण्याच्या ग्लासात, साबणाच्या बशीत, कुंडीत, कमोडच्या टाकीच्या झाकणावर जळका डाग पाडून. एकदा कचऱ्याच्या डब्यात, वर टिश्यूचा बोळा, आणि तो बोळा कडेने काळा झालेला. मी हातात धरून उभी राहिले होते. एवढ्यावर निभावलं.

मग कुणाच्या तरी डोक्यात आलं आणि मागच्या बाजूला, खिडक्यांपासून लांब, वर छप्पर, दिवा, बाक आणि वाळू भरलेली मोठी कुंडी अशी जागा केली. चेक-इनच्या वेळी किल्लीबरोबरच सांगायचो, "ओढायचं असेल तर या दाराने बाहेर, रात्रभर उघडं असतं." 'मनाई आहे' हे नंतर. खोल्यांतला त्रास बंद झाला नाही, पण पडदे धुवायला टाकायची पाळी पूर्वीपेक्षा खूपच कमी येऊ लागली.

उंबरठा

बाल्कनीचं काय? माझा अनुभव असा की खोलीत बंदी आली की सगळे बाल्कनीत येतात. खालच्याने ओढली की आमच्या उघड्या दारातून आत. त्यापेक्षा त्याने आत ओढलेली परवडली असं मला एकदा वाटून गेलं, लाज वाटते कबूल करायला.

कलमबहाद्दर

बाल्कनी खोलीचाच भाग धरावी. बंदीच्या पाटीवर तिचं नाव नसेल तर लोक ती पळवाट म्हणूनच वाचतात.

फक्त_वाचक

आणि ते वेप, म्हणजे ई-सिगारेट?

आकडेमोड

त्यातही निकोटिन असतंच आणि ते बसतंही, वास कमी म्हणून कळत नाही. दाट वाफेने प्रकाशावर चालणारे डिटेक्टर वाजतात, ते मात्र सगळ्या मजल्याला कळतं. आपल्याकडे २०१९ पासून ई-सिगारेटच्या विक्रीवर बंदी आहे, म्हणजे तो वाद खोलीच्या आधीच संपायला हवा. संपलेला नाही ते सोडा.

धूरकरी

दोन दिवस हा धागा वाचतोय. एक गोष्ट सांगायची राहिली होती, आता सांगून टाकतो. हसू नका.

मी स्वतः बुकिंग करताना नॉन-स्मोकिंग खोली घेतो. गेली दहाएक वर्षं. कारण स्मोकिंग खोलीत झोपवत नाही. उशीला दुसऱ्याच्या सिगारेटचा वास येतो, आणि दुसऱ्याची सिगारेट किती घाण असते हे ओढणाऱ्यालाच जास्त कळतं. मग मी त्या चांगल्या खोलीच्या बाथरूममध्ये उभा राहतो, एक्झॉस्ट चालू करतो, दाराखाली टॉवेल लावतो, आणि स्वतःला सांगतो की एकच तर आहे. खिडकीतलीच्या आईच्या खोलीत आदल्या रात्री माझ्यासारखाच कुणी असणार. वरती मी 'ज्याला नको त्याला तिथे पाठवू नका' असं लिहिलंय, ते आत्ता पुन्हा वाचलं.

तरी एक अडचण खरीच आहे. रात्री दोनला तलफ येते तेव्हा चौथ्या मजल्यावरून पँट चढवून, लिफ्टने खाली, पावसात कुठेतरी गाड्यांच्या मध्ये उभं राहायचं. माझ्या वडिलांना गुडघ्यांमुळे तेही जमत नाही. सोडा म्हणणं सोपं आहे, चार वेळा सोडलीये. बंदी घाला, मी मत देतो. पण तो बाक आणि छप्पर आधी करा, पाटी मग लावा.

उंबरठा

धूरकरी, हसले नाही.

गप्पिष्ट

मी हसलो. टॉवेल दाराखाली लावता, मग अंग कशाने पुसता? (हलके घ्या.)

रात्रपाळी

दाराखालचा टॉवेल आम्हाला पहिल्या मिनिटाला कळतो हो. कडेला धुळीची सरळ रेघ असते.

खिडकीतली

सगळ्यांचे आभार, इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. माझं मत आता पूर्ण बंदीकडे आहे. वेगळ्या खोल्यांच्या बाजूने मला पटेल असा मुद्दा एकच निघाला, धूरकरींच्या वडिलांचे गुडघे. त्याला तळमजल्यावर बाहेरच्या दाराजवळची खोली हे उत्तर आहे असं वाटतं.

हॉटेलला मी पत्र पाठवलं होतं, त्यांचं उत्तर आलं. दिलगिरी आहे, आणि पुढच्या मुक्कामावर सवलत. आईला दाखवलं तर म्हणाली, "खोली तीच देणार का विचार."

रात्रपाळी, जाता जाता एक विचारते. खोलीत शिरल्या शिरल्या कसं ओळखायचं?

रात्रपाळी

सामान आत आणायच्या आधी बघा. हवेचा वास घेऊ नका, फ्रेशनर फसवतो. जाड पडद्याची घडी नाकाशी धरा. एसी जोरात लावून पाच मिनिटं थांबा. आरशाचं तुम्हाला माहीतच आहे. खिडकीच्या रुळात बोट फिरवा, राख धुळीपेक्षा मऊ लागते. काही आढळलं तर पलंगावर बसूसुद्धा नका, तसंच खाली जा. वापरलेली खोली बदलून द्यायला रिसेप्शन कुरकुर करतं.

धूरकरी

आणि आम्ही काय विचारावं? बुकिंगच्या फोनवरच 'बाहेर बसायची जागा कुठे' असं विचारलं तर चालतं का?

रात्रपाळी

जरूर विचारा. दहा जणांनी विचारलं तर मॅनेजर बाक आणतो. आणि रात्री खाली जाताना स्वतःच्या चपला घाला. खोलीतल्या त्या पांढऱ्या सपाता पावसात दोन पावलं टिकत नाहीत, मग ओल्याच गालिच्यावर येतात.